गोरक्षनाथाची मान

१

गुरुवारी दुपारी गोरक्षनाथाची मान उजवीकडे वळली आणि तिकडेच राहिली. नुसती मान असती तर बेलापूरच्या पेठेत कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. मान काय, कुणाचीही अवघडते. पण मानेपाठोपाठ जबडा वाकडा झाला, जीभ बाहेर आली, आणि शिवायला घेतलेल्या गादीच्या खोळीवर तो भला माणूस कलंडला.

बघता बघता दुकानापुढे गर्दी झाली आणि गर्दीने निदानं करून टाकली. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं धनुर्वात, एका म्हातारीने तर अंगात आलंय असं समजून हातही जोडले. शेवटी त्याला एका नव्याकोऱ्या गादीवर घालून, चौघांनी चार कोपरे धरून, समोरच्या जिन्याने डॉ. धनश्रींच्या दवाखान्यात चढवलं.

हे विशेषच होतं. धनश्री मनोविकारांच्या डॉक्टर. राहायला श्रीरामपूरला, गुरुवारी बेलापुरात बसायच्या. त्यांच्याकडचे पेशंट मागच्या गल्लीतल्या लोखंडी जिन्याने, तोंडाला रुमाल बांधून यायचे आणि कुणी हटकलंच तर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे आलो होतो म्हणून सांगायचे. वाजतगाजत पुढच्या दाराने आलेला हा पहिलाच.

त्यांनी त्याचा जबडा चाचपला, ताप बघितला, हातपाय हलवून बघितले. माणूस पूर्ण शुद्धीवर होता, फक्त भेदरला होता. त्यांनी कपाटातून ॲलर्जीवरचं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन काढलं आणि दिलं. मग खुर्ची ओढून, त्याचा हात हातात घेऊन शांत बसून राहिल्या.

"येवढंच? सलाईन न्हाई लावायचं?" गर्दीतून कुणीतरी नाराजीने विचारलं.

चहा मागवून, येऊन, पिऊन होईपर्यंत मान सरळ झाली होती. जीभ आत गेली. गोरक्षनाथ उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "खोळ फाटली का वो?"

लोक हसले. धनश्रींना हसू आलं नाही. या इंजेक्शनाने करणी उतरत नाही आणि धनुर्वातही बरा होत नाही. त्याने इतक्या झटकन सुटतो तो एकच प्रकारचा आखडा: भास-भ्रमाच्या आजारावर जी औषधं देतात, त्यांनी आलेला. आणि गोरक्षनाथ कधी त्यांचा पेशंट नव्हता.

"कुठली औषधं घेतोस रे?"

"औशिद? न्हाई बा. तंबाकू तेवढी."

"मग कुणीतरी तुझ्या पोटात घातलंय," त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली. दारात गोरक्षनाथाचा धाकटा भाऊ आदिनाथ उभा होता.

"कोनीतरी कशाला म्हनता, मॅडम?" तो म्हणाला. "दुकानात दोघंच असत्यात. ह्यो आन् त्यो नबीलाल."

२

नबीलाल गादीवाला मूळचा भिंगारचा. बऱ्याच वर्षांपूर्वी बिऱ्हाड उचलून बेलापूरला आला आणि गोरक्षनाथाच्या वडिलांनी आपल्या दुकानाची अर्धी जागा त्याला दिली. वडील गेले तेव्हा गोरक्षनाथ नुकतं मिसरूड फुटलेला होता. नबीलालने त्याला मशीनवर बसवलं, खोळ बेतायला शिकवली. तेव्हापासून एकाने खोळ शिवायची आणि दुसऱ्याने त्यात कापूस भरायचा, असा संसार चालला होता. धनश्रींच्या दवाखान्यातल्या बाकांवरच्या गाद्याही याच दोघांच्या. त्या घ्यायला गेल्या तेव्हा कापूस किती भरायचा यावरून दोघे त्यांच्यासमोर असे भांडले होते की यांचं पुन्हा तोंड बघणं होणार नाही असं वाटावं, आणि पैसे देऊन वळेपर्यंत एकाच पुडीतले शेंगदाणे खात बसले होते.

आदिनाथला ती अर्धी जागा मोबाईलच्या दुकानासाठी हवी होती, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"नबीलालचं डोकं फिरलंय, मॅडम. येकटाच बोलतो. कुनाकडं बी संशयानं बघतो. त्यानंच काय तरी घातलं आसंल. मी आत्ताच पोलीस चौकीत जातो, आन् त्याचा कापूस रस्त्यावर टाकतो."

"रविवारपर्यंत थांबा," धनश्री म्हणाल्या. "नेमकं काय पोटात गेलं ते मला शोधू द्या. पुन्हा गेलं आणि गळ्याचे स्नायू आखडले तर श्वास कोंडेल. कुणावर नुसता आळ घेऊन ते थांबणार नाही."

"रविवार दुपारपतोर," आदिनाथ म्हणाला. "फुडं आयकनार न्हाई."

गर्दी पांगल्यावर त्यांनी गोरक्षनाथाला एकट्याला विचारलं, "आज जेवलास काय?"

"भाकर, पिठलं. माझ्या डब्यातलं."

"नबीलालभाईंच्या डब्यातलं काही?"

"न्हाई न्हाई! त्यांचं त्यांनी, माजं मी." तो इतक्या घाईने म्हणाला, की धनश्रींनी त्याच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात. याचे कान टोमॅटोसारखे झाले होते.

त्याला घरी न्यायला त्याची बायको झुंबरबाई आली, ती पदराने डोळे पुसत.

"जेवतच न्हाईत वो हे. मी मरमर करून डबा द्यायचा आन् सांजच्याला तसाच परत. म्या कुत्र्याला घालते."

"किती दिवस?"

"झाले की बरेच. रमजान लागला तवापास्नं."

धनश्रींनी गोरक्षनाथाच्या पोटाकडे बघितलं. सदऱ्याची खालची बटणं ताणली होती. उपाशी माणसाला असं पोट सुटत नाही.

"आणि काही सांगायचंय का, झुंबरताई?"

झुंबरबाईने दार लोटून घेतलं, खाली बसली आणि हुंदका देऊन म्हणाली, "म्याच केलंय ते! तंबाकू सुटावी म्हनून येका बाबाकडनं पूड आनली हुती. कालवनात घालायची, पन मालकाला कळू द्यायचं न्हाई, कळलं की गुन जातो म्हनला. म्याच माज्या हातानं..."

तिने कमरेची पुडी सोडून पुढे केली. धनश्रींनी वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि त्यांना इतक्या गंभीर प्रसंगी हसू दाबावं लागलं.

"हा ओवा आहे, झुंबरताई. ओवा आणि जरा राख. याने मान वळत नाही, झालं तर पोट साफ होतं. पण तरी आजपासून बंद. न विचारता कुणाच्या ताटात काही घालायचं नाही."

झुंबरबाईने तिथल्या तिथे वचन दिलं आणि जाताना ती पुडी प्रवरेत सोडली.

३

शुक्रवारी गोरक्षनाथ घरीच पडून होता आणि त्याला काही झालं नाही. शनिवारी सकाळी तो दुकानात गेला. धनश्रीही मुद्दाम श्रीरामपूरहून आल्या आणि दुकानाच्या फळीवर बसून त्यांनी तिघांचा चहा सांगितला.

आदिनाथ खोटं बोलत नव्हता. नबीलालचं काहीतरी बिनसलं होतं. चांगला उंचापुरा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस, पण डोळे न झोपल्याने तांबारलेले, आणि कापूस भरता भरता मध्येच थांबून तो कोपऱ्यात कान द्यायचा. ओठ मात्र सारखे हलत होते. ओठ, जबडा, मधूनच जिभेचं टोक. तोंडात पान घोळवत असल्यासारखं.

"पान सोडा की जरा, नबीलालभाई," धनश्री म्हणाल्या.

"पान? मी पान खात न्हाई, मॅडम." त्याने तोंड उघडून दाखवलं. तोंडात काहीच नव्हतं. बंद केल्यावर ओठ पुन्हा चालू झाले. "हे असंच चालतं. लई दिवसांची सवय हाय. हल्ली जरा वाढलंय."

चहा आला. गोरक्षनाथाने आपला संपवला. नबीलालने ग्लास हातात धरला, बोलता बोलता फळीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग गोरक्षनाथाने सहज हात लांबवून तोही पिऊन टाकला, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुमचे रोजे चालू असतील ना?" धनश्रींनी विचारलं.

"न्हाई," नबीलाल जमिनीकडे बघत म्हणाला. "शुगर हाय मला. डॉक्टरांनी मना केलंय. घरवालीनं, शरिफानं कसम घातलीय."

"शुगरशिवाय दुसरं औषध? डोक्याचं, झोपेचं?"

"जिंदगीत न्हाई. भिंगारला असताना डोक्यात ताप गेल्ता येकदा. लई वर्सं झाली." तो थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, कुनी हळू बोललं तर तुमाला ऐकू येतं का?"

"काय बोलतंय?"

"म्हनतंय, तुज्या जेवनात काय तरी हाय. सांभाळ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या घरात असं कोन करनार? मला लई भ्या वाटतंय."

गोरक्षनाथाने मशीन थांबवलं आणि उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. धनश्रींना दोघांची माया आली. असा माणूस विष घालेल हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, पण मनाला न पटणं हा काही पुरावा नव्हे.

तिथून त्या नबीलालच्या घरी गेल्या. शरिफा गोल चेहऱ्याची, तुरुतुरु चालणारी बाई. ओट्यावर दुपारचा डबा भरायला काढला होता आणि कढईत कारल्याची भाजी होती.

"ह्यांच्यासाठी. शुगरला चांगलं असतं," ती म्हणाली. "आमी बाकी सगळे रोज्यात. पहाटं सहरीला आन् सांजच्या इफ्तारीला सगळी एकाच थाळ्यात जेवतो, हे बी बसतात आमच्यासंगं. दुपारचा डबा तेवढा ह्यांचा एकट्याचा."

"खातात कारलं?"

"अल्लाची मेहेर! आधी बघायचे सुदिक न्हाईत, फेकून मारायचे. आता रमजानपास्नं डबा चाटूनपुसून परत. काल शुक्रवारी मात्र तसाच आला. गोरखच्या काळजीनं घास उतरला नसंल."

"झोप कशी आहे त्यांची?"

शरिफाचा हात कढईवर थांबला. "झोप न्हाई. रातभर येरझारा. दिवसेंदिवस जादाच. मी माझ्या परीनं करते..." तिने वाक्य तोडलं आणि डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "चहा ठेवू का, मॅडम? तुमाला रोजा थोडाच हाय."

धनश्री चहा पिऊन श्रीरामपूरला परतल्या. दुपार कलते न कलते तोच फोन वाजला. झुंबरबाई ओरडत होती, "मॅडम, ह्यांचं डोळं वर गेलं! खालीच येईनात!"

४

डोळे खाली आणायला धनश्रींना पुन्हा बेलापूर गाठून तेच इंजेक्शन द्यावं लागलं. गोरक्षनाथ छताकडे बघत पडला होता आणि त्याही अवस्थेत जबडा आवळून सांगत होता, "नबीभाईला काय म्हनू नका."

झुंबरबाईची पुडी गुरुवारीच नदीत गेली होती. आदिनाथ शुक्रवारपासून उसाचा ट्रॅक्टर घेऊन कोपरगावकडच्या कारखान्यावर होता. तो फोनवरूनच गरजत होता. म्हणजे आळ घ्यायला उरला एकटा नबीलाल. तो दुकानाच्या कोपऱ्यात कापसाआड बसून राहिला होता आणि लोक त्याच्याकडे बघून बघून जात होते. उद्या दुपारी आदिनाथ परत येणार होता. एकदा का 'वेडा' आणि 'विष' हे दोन शब्द पेठेत एकत्र फिरले, की नबीलालचं दुकान जाईल, मित्र जाईल आणि गावही जाईल. आजारी माणूस हा गुन्हेगारच, असं समजायला लोकांना फार वेळ लागत नाही, हे धनश्रींनी पुष्कळदा बघितलं होतं आणि त्यांचा त्यावर फार राग होता.

दवाखान्यात बसून त्यांनी भेळ मागवली. अडलं की त्यांना भेळ लागायची. आणि भेळ खात खात त्या स्वतःशी भांडू लागल्या.

नबीलाल आजारी आहे, हे उघड. झोप नाही, आवाज ऐकू येतात, भीती. पण हा आजार आजचा नाही. ते ओठ! रिकाम्या तोंडाने चघळणारे ते ओठ वर्षानुवर्षं औषध घेतलेल्या माणसाचे असतात, आणि औषध तुटलं की ते आणखी चाळवतात. गडी तर म्हणतो, जिंदगीत घेतलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे कान लाल झाले नव्हते.

कान लाल झाले ते दुसऱ्याचे. भरलेला डबा घरी जातो, तरी पोट सुटतं.

आणि कारलं. आयुष्यभर कारलं फेकून मारणारा माणूस रमजान लागल्याबरोबर ते चाटूनपुसून खायला लागतो, आणि नेमका गोरक्षनाथ घरी असतो त्या दिवशी डबा तसाच परत येतो.

धनश्रींनी भेळेचा कागद खाली ठेवला. "अरे देवा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हे दोघं खुळे, आणि ती तिसरी त्यांच्याहून खुळी."

५

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत धनश्री, नबीलाल, गोरक्षनाथ आणि शरिफा. बाहेर आदिनाथ तावातावाने उभा होता, पण त्याच्यापुढे झुंबरबाई दारात फतकल मारून बसली होती आणि वहिनीला ओलांडून जाण्याची त्याची छाती नव्हती. आतलं ऐकू जाऊ नये म्हणून ती त्याला मोठमोठ्याने त्याच्या लहानपणचे पराक्रम ऐकवत होती.

धनश्रींनी शरिफाने आणलेला डबा मधोमध ठेवून उघडला.

"नबीलालभाई, जेवा. तुमचा रोजा नाही ना?"

नबीलाल हलला नाही. ओठ तेवढे चालत राहिले. त्याने एकदा शरिफाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग गोरक्षनाथाने एकदम डबा आपल्याकडे ओढला.

"त्यांना भूक न्हाई. मी खातो."

"नको!" शरिफाने झेप घेऊन डब्यावर दोन्ही हात ठेवले. "गोरख, तू नको रे खाऊ!"

बाहेर झुंबरबाई आदिनाथच्या विहिरीत पडण्याची गोष्ट सांगत होती.

"आता मी सांगते, चुकलं तर बोला," धनश्री सावकाश म्हणाल्या. "नबीलालभाई, तुम्ही पहिल्या दिवसापासून रोजे धरलेत. शरिफाभाभींची कसम मोडली हे त्यांना कळू नये म्हणून रोज डबा गोरखने संपवायचा आणि त्याचा डबा घरी परत जायचा. बरोबर?"

"मीच शपत घातली हुती त्याला," नबीलाल पुटपुटला. "येवढा रमजान आन् मी खात बसायचं? मला गोड लागेना."

"कारलं सुदिक खाल्लं म्या," गोरक्षनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

"भाभी, पुढचं तुम्ही सांगता की मी सांगू? सांगायचं तर तुम्हीच सांगितलेलं बरं."

शरिफाने धनश्रींचा हात घट्ट धरला आणि त्यांच्या कानाशी कळवळून म्हणाली, "ह्यांना कळलं तर माझ्या हातचं पानी सुदिक पिनार न्हाईत, मॅडम. माझा संसार जाईल."

"नाही कळलं तर ते बरे होणार नाहीत. आणि गोरखची मान वळत राहील."

शरिफा नवऱ्यासमोर बसली. तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं. भिंगारला डोक्यात ताप गेला नव्हता. त्याला आवाज ऐकू यायचे, तिथल्या लष्करी छावणीतले, पलटणीतले लोक भिंतीतून आपलं ऐकतात म्हणून तो दारं-खिडक्या चिंध्यांनी बुजवायचा, गोळी हातात घेत नव्हता. एका डॉक्टरांनी थेंब दिले. रंग नाही, चव नाही. अन्नात घाला, सांगू नका. ती घालत आली. तिचा भाऊ भिंगारहून बाटली पाठवायचा. घरी सगळे एका थाळ्यात जेवतात, मग घालायचे कुठे? डब्यात. मुलगी अरफाचं लग्न व्हायचं होतं म्हणून कुणाला बोलली नाही. लग्न झालं, तरी सांगायचं धाडस झालं नाही.

"ह्या महिन्यात तुमी बिघडायला लागले. मला वाटलं, थेंब कमी पडतात. मी वाढवले. आनखी बिघडले, आनखी वाढवले."

"आणि ते सगळे गेले गोरखच्या पोटात," धनश्री म्हणाल्या. "थोडे होते तोवर त्याला नुसती मशीनवर पेंग येत असेल. वाढले तेव्हा मान वळली. यात विष घालणारं कुणी नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या काळजीपोटी काहीतरी लपवलं."

नबीलालने डब्याचं झाकण लावलं. मग हळूच विचारलं, "म्हंजी तो आवाज खरं बोलत हुता?"

शरिफा रडायला लागली. शटरवर थाप पडली.

"झाली का वेळ? मी चौकीत चाललो!"

धनश्री उठल्या. "त्याला मी एवढंच सांगणार, की औषधाची अदलाबदल झाली, विष नव्हतं. औषध कुणाचं, कशाचं, हे सांगायला मी बांधील नाही. तुमचं गुपित तुमच्यापाशी."

"तो मानंल?" नबीलालने विचारलं.

"नाही मानणार," त्या खरं तेच बोलल्या.

नबीलालने शटर स्वतः वर केलं. तो दारात उभा राहिला. पलीकडे पेठेतली दहा माणसं कान टवकारून होती.

"आदिनाथ, औशिद माजं हुतं," तो म्हणाला. "मला डोक्याचा आजार हाय. रोज्यासाठी मी माजा डबा तुज्या भावाला चारला, म्हनून त्याला तरास झाला. चूक माजी. कापूस टाकायचा आसंल तर टाक रस्त्यावर."

आदिनाथ एक पाऊल मागे सरला. त्याने तयारी केली होती ती लपवणाऱ्या माणसाशी भांडायची.

"टाक की," झुंबरबाई खालून म्हणाली. "तू विहिरीत पडल्ता तवा दोर ह्याच नबीलालनं सोडला हुता, इसरला का?"

आदिनाथ तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

६

पोलिसांचं मिटलं, पण नबीलालच्या घरचं मिटलं नाही. त्याने धनश्रींच्या सांगण्यावरून रोजे सोडले. मौलानांनीही समजावलं, आजाऱ्याला माफी आहे, त्याऐवजी गरिबाला जेवू घाला. त्यावर गोरक्षनाथ म्हणाला, ते तर नबीभाईंनी आधीच करून ठेवलंय. नबीलाल हसला म्हणे. पण शरिफाच्या हातचं त्याने काही घेतलं नाही. तो झुंबरबाईच्या पिठल्यावर राहिला, आणि पाणी स्वतः माठातून घेऊन, बघून, मग प्यायचा. शरिफा रोज रांधायची आणि झाकून ठेवायची.

गुरुवारी तो दवाखान्यात आला. शरिफा मागून आली आणि दाराशी, जमिनीवरच बसली. वर बस म्हटलं तरी बसेना.

"बोला," धनश्री म्हणाल्या.

"त्या दिशीचं उत्तर द्या, मॅडम. आवाज म्हनला जेवनात काय तरी हाय. आन् हुतंच. मग बाकीचं बी खरं का? भिंतीतलं बी?"

गेले चार दिवस धनश्रींनी याच प्रश्नाशी झुंज दिली होती.

"नाही. आवाज तुमच्या आजाराचा आहे. ज्या महिन्यात तो बोलला, त्या महिन्यात तुमच्या पोटात थेंबभरही गेलेलं नव्हतं, म्हणूनच तो बोलला. पण तुमची शंका खरी ठरली, आणि ती खरी आम्ही केली. ज्या माणसाला अन्नात काहीतरी आहे अशी भीती वाटते, त्याच्याच अन्नात लपवून घालायचं, हे चूकच होतं. ते सांगणाऱ्या डॉक्टरची चूक, भाभींची त्याहून कमी. यापुढे मी तुम्हाला जे देईन ते तुम्हाला सांगून देईन. नको म्हणालात तर तुमच्याशी भांडेन, पण लपवणार नाही."

"न्हाई घेतलं तर?"

"झोप जाईल, आवाज वाढतील, भीती वाढेल. ओठांची हालचाल त्या जुन्या थेंबांमुळे झालीय, म्हणून वेगळी गोळी देतेय. तिनेही कदाचित वजन वाढेल, शुगर बघावी लागेल. सगळं सांगितलं. आता तुम्ही ठरवा."

नबीलालने गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. मग दाराकडे बघितलं. शरिफाने पदर तोंडात धरला होता.

"येवढी वर्सं एकटीनं केलंस?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"येकदा बी चुकली न्हाईस?"

"न्हाई."

"मला राग हाय, शरिफा. जाईल का न्हाई ठावं न्हाई."

"आसू द्या," ती म्हणाली.

त्याने पट्टी तिच्यापुढे धरली. ती उठली, जवळ आली, एक गोळी फोडली आणि त्याच्या उघड्या तळहातावर ठेवली. त्याने ती बघितली, उजेडाकडे धरून पुन्हा बघितली.

"हीच का?"

"हीच."

त्याने गोळी जिभेवर ठेवली. धनश्रींच्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरलेला होता, त्याच्या हाताच्या अंतरावर. तो त्याने घेतला नाही.

"पानी दे," तो बायकोला म्हणाला.